हंडा माणसापेक्षा मोठा

कोणत्याही गावातल्या बालचित्रकला स्पर्धेत ‘निसर्गदृश्य’ हा विषय देऊन पाहा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून डोकावणारा सूर्य, तिथूनच निघालेली नदी, नदीकाठी उतरत्या छपराची झोपडी, झोपडीला टेकून एक नारळाचे झाड आणि आकाशात आडव्या तीनच्या आकड्यासारखे पक्षी. भंडाऱ्याच्या मुलाच्या घरामागे तळे असते, धुळ्याच्या मुलाच्या दारात कडुनिंब असतो, कुर्ल्याच्या मुलाच्या खिडकीतून लोकलचे रूळ दिसतात. पण तिघांच्या कागदावर डोंगर मात्र तेच दोन. अशा स्पर्धांचे परीक्षण करायला मी बरीच वर्षे जातो आहे. ते डोंगर पाहून ‘हल्लीच्या मुलांना कल्पनाशक्तीच उरली नाही’ असे म्हणणारे सहपरीक्षकही मला दर वेळी भेटतात. माझे मत नेमके उलटे आहे. मुलांची शक्ती शाबूत आहे, ती फक्त वेगळ्या कामाला लागली आहे. मोठ्यांना काय हवे आहे ते ओळखण्याच्या कामाला. ते डोंगर काढणारे मूल निसर्ग पाहत नसते, परीक्षकाला पाहत असते. आणि त्याचा अंदाज बहुधा बरोबर ठरतो, कारण बक्षीस त्या डोंगरांनाच मिळते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका स्पर्धेत ‘आमची गल्ली’ हा विषय होता. सात-आठ वर्षांच्या एका मुलीने पाण्याचा टँकर आणि त्यापुढची रांग काढली होती. रांगेतली माणसे काडीसारखी, टँकर बेताचा, आणि सगळ्यात पुढच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा तिच्या दुप्पट. आमच्यातले एक गृहस्थ म्हणाले, “प्रमाणबद्धता नाही.” मी त्या मुलीला बोलावून विचारले, “हा हंडा एवढा मोठा का गं?” ती म्हणाली, “काका, तो भरलेलाय ना.” रांगेतले बाकीचे हंडे लहान होते, कारण ते रिकामे होते. वजन कसे दाखवायचे हा प्रश्न त्या पोरीने स्वतःपुरता सोडवला होता आणि तोही चोख सोडवला होता. तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले. पहिला नंबर नारळाच्या झाडाने पटकावला. गल्लीत नारळ कुठून आला हे कोणी विचारले नाही.

व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांच्या चित्रांचे वयानुसार टप्पे मांडले, त्याला आता पाऊणशे वर्षे उलटून गेली. दोन ते चार वर्षांपर्यंतच्या रेघोट्या. मग डोक्यालाच हातपाय फुटलेली माणसे. सातव्या वर्षाच्या आसपास जमिनीची एक रेघ आणि तिच्यावर उभे असलेले सारे जग. या वयात मूल जे दिसते ते काढत नाही, जे त्याला ठाऊक आहे आणि महत्त्वाचे वाटते ते काढते. म्हणून आई घरापेक्षा उंच होते, बंद पेटीतली बाहुली बाहेरून दिसते, आणि भरलेला हंडा फुगतो. ही चूक नव्हे, ते त्या वयाचे व्याकरण आहे. बोबडे बोलणाऱ्या मुलाला आपण व्याकरणाचे गुण कापत नाही. मग बोबड्या चित्राला का कापतो?

आणि हे कापणे शाळेत सुरू होत नाही, घरातच सुरू होते. तीन वर्षांच्या मुलाने भिंतीवर रेघ ओढली की घरात केवढा हलकल्लोळ! भाड्याच्या घरात राहणाऱ्यांची अडचण मला समजते, पण मग मुलाच्या हाती येते ते काय? ‘चित्रे रंगवा’ छापाचे पुस्तक. त्यात सफरचंद आधीच काढलेले असते, शेजारी नमुन्याचे लाल सफरचंदही असते, आणि मुलाला काम उरते ते रेघेबाहेर रंग न जाऊ देण्याचे. लोवेनफेल्ड या पुस्तकांचा कडवा विरोधक होता. असे छापील पक्षी रंगवल्यावर मुलाला आपला पक्षी फिका वाटू लागतो, हा त्याचा आक्षेप. शांत बसवायला ती पुस्तके सोयीची असतात हे खरेच. प्रवासात मीही ती मुलांच्या हातात पाहतो आणि काही बोलत नाही. फक्त त्याला ‘सर्जनशीलतेचा विकास’ म्हणू नये, इतकेच माझे म्हणणे.

आता शाळेकडे वळू. महाराष्ट्रात चित्रकलेच्या ‘एलिमेंटरी’ आणि ‘इंटरमिजिएट’ या दोन परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. आज कला संचालनालय त्या घेते. वाचकांपैकी अनेकांच्या कपाटात ते प्रमाणपत्र असेल. या परीक्षांत एक विषय आहे, ‘स्मरणचित्र’. किती सुंदर कल्पना! तू पाहिलेले, तुझ्या मनात राहिलेले काढ. परीक्षेत मुलाच्या स्वतःच्या अनुभवाला मागणी करणारा याहून सरळ प्रश्न मला आठवत नाही. प्रत्यक्षात काय होते? क्लासमध्ये चार-पाच तयार देखावे घटवून घेतले जातात. बाजार, बसथांबा, विसर्जनाची मिरवणूक, बागेतली मुले. टोपली घेतलेली एक बाई, पाठमोरा एक माणूस, चेंडू खेळणारा एक मुलगा, असे ठरलेले आकार हातात बसवले की ते कुठल्याही विषयात नेऊन बसवता येतात. बाजार आला तर बाई भाजी विकते, जत्रा आली तर तीच बाई फुगे विकते. म्हणजे स्मरण असते, पण पाहिलेल्याचे नव्हे, पाठ केलेल्याचे.

गेल्या दशकात याला आणखी एक वळण मिळाले. इंटरमिजिएट परीक्षेतल्या श्रेणीनुसार दहावीला वाढीव गुण देण्याची योजना आली: ‘अ’ श्रेणीला ७, ‘ब’ला ५, ‘क’ला ३. हेतू चांगला होता. कलेला शाळेत किंमत यावी, पालकांनी ‘चित्रे काढून पोट भरते का’ म्हणणे सोडावे. पालकांनी ते सोडलेही. पण कोरोनाच्या काळात परीक्षा होऊ शकली नाही आणि २०२०-२१ मध्ये हे गुण देऊ नयेत असा निर्णय झाला, तेव्हा संताप झाला तो गुणांसाठी. आमच्या मुलांचे चित्र काढण्याचे एक वर्ष गेले, अशी तक्रार माझ्या कानावर तरी आली नाही.

बक्षिसाचा मुलांच्या चित्रांवर काय परिणाम होतो हे नुसत्या तर्काने सांगण्याची गरज नाही. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड येथील बालवाडीतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांची, रंगीत पेनांनी चित्रे काढायची मुळातच आवड असलेली मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढलेस तर सोनेरी चांदणी आणि रिबीन लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर अचानक दिले. काहींना काहीच दिले नाही. आठवड्या-दोन आठवड्यांनी पेने पुन्हा वर्गात नुसती मांडून ठेवली. ज्यांना आधी कबूल करून प्रशस्तिपत्र दिले होते, ती मुले आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढत होती. अचानक मिळालेल्यांची आवड मात्र जशीच्या तशी होती. म्हणजे दोष कौतुकाचा नव्हता, सौद्याचा होता. १९८२ मध्ये टेरेसा अमाबिले यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलींकडून रंगीत कागदांची चिकटचित्रे करून घेतली, तेव्हा बक्षिसासाठी स्पर्धा करणाऱ्या मुलींची कामे स्पर्धेविना केलेल्यांपेक्षा कमी सर्जनशील ठरली. आपल्याकडे तर मुलाने हातात कुंचला धरला की सहा महिन्यांत ते कुठल्या ना कुठल्या स्पर्धेत बसलेले असते.

चित्रांचे हे, तर लेखनाचे काय? ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात मुले गेली कित्येक वर्षे चातकासारखी पावसाची वाट पाहत आहेत. यांतल्या किती जणांनी चातक पाहिला असेल? घरात पाणी शिरलेल्या कोल्हापूरच्या मुलाला आणि दुबार पेरणीच्या धास्तीत असलेल्या बीडच्या मुलाला पावसाबद्दल लिहिण्यासारखे केवढे असते! पण गाईडमधल्या निबंधात मोर नाचतो, म्हणून त्यांच्याही वहीत तो नाचतो. आता मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला विषय सांगितला की दहा सेकंदांत निबंध मिळतो आणि चित्रही मिळते. शिक्षक-पालक यावर फार हळहळताना दिसतात. मला त्यात एका जुन्या लबाडीचा निकाल लागलेला दिसतो. जो निबंध यंत्र हुबेहूब लिहू शकते, त्या निबंधाला मूल कधीच लागत नव्हते. मोबाइलपूर्वी हे काम गाईड करायचे, गाईडपूर्वी फळा.

भाषेचा विषय निघाला आहे तर आणखी एक. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने राज्यात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचे ठरले, गदारोळ झाला, जूनमध्ये सुधारित निर्णय निघाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या वादात मीही हिरिरीने वाचत-बोलत होतो आणि सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादू नये याच बाजूचा होतो. पण त्या अडीच महिन्यांत मुलाने किती भाषा शिकाव्यात यावर जेवढे बोलले गेले, त्याच्या शतांशानेही मुलाला पहिल्या भाषेत काय सांगायचे आहे यावर बोलले गेले नाही. खानदेशातले पोर वर्गात अहिराणीत पहिले वाक्य उच्चारते, वऱ्हाडातले ‘मले’ म्हणते, मालवणचे ‘माका’ म्हणते. आणि त्याला पहिले उत्तर मिळते ते ‘नीट बोल’ असे. त्याने काय सांगितले ते राहूनच जाते. दोन-तीनदा असे झाले की मूल नीट बोलत नाही, गप्प बसते. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतल्या भेदांचा अभ्यास केला आणि पुढे तिथेच राहून कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. मुलाची बोली हा दोष नसून सुरुवात आहे, एवढे साधे सूत्र आपल्याला एका मूळच्या अमेरिकन बाईंच्या कामातून समजून घ्यावे लागले, हे जरा लाजिरवाणेच.

खरे तर कायदा मुलांच्या बाजूने आहे. बालहक्क संहितेवर भारताने १९९२ साली मान्यतेची मोहोर उमटवली. मुलाचे मत ऐकले जाण्याचा आणि चित्र, लेखन, बोलणे यांतून व्यक्त होण्याचा हक्क तिच्यात आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे २९ वे कलम तर स्पष्टच सांगते की शिक्षणाने मुलाला भीती आणि ताण यांपासून मुक्त करावे आणि मोकळेपणाने मत मांडायला मदत करावी. इतके चांगले वाक्य कायद्यात असणे ही साधी गोष्ट नाही. मात्र याच कायद्याचे परिशिष्ट उघडले की हिशेब वेगळा निघतो. पहिली ते पाचवीसाठी कलाशिक्षकाची तरतूदच नाही. सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक, आणि तेही अर्धवेळ. वाड्या-वस्त्यांवरच्या कितीतरी शाळांमध्ये सगळे वर्ग मिळूनही शंभर मुले होत नाहीत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आले, २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला स्वतंत्र विषयाचे स्थान दिले. स्थान मिळाले, आता तिथे बसायला माणूस हवा.

हा माणूस पहिली ते पाचवीतच हवा, असा माझा आग्रह आहे आणि त्याचे कारण लोवेनफेल्डच्याच टप्प्यांत आहे. नऊ-दहा वर्षांचे झाले की मुलाला स्वतःच्या चित्राचा असमाधानी राग येऊ लागतो. आपला घोडा घोड्यासारखा दिसत नाही हे त्याला कळते. कसा दिसेल हे मात्र कळत नाही. तोवर बिनधास्त रेघ ओढणारे मूल एकाएकी खोडरबर मागू लागते, कागद हाताने झाकू लागते, आणि एक दिवस जाहीर करते, ‘मला चित्र येत नाही.’ बहुतेक मोठ्या माणसांची चित्रकला याच वयात थांबलेली असते. वाचकांनी आता कागद घेऊन घोडा काढून पाहावा, तो चौथीतलाच निघेल. याच वेळी शेजारी बसून ‘घोड्याचा गुडघा कुठे वाकतो, चल बघू’ असे म्हणणारे कोणी मिळाले तर मूल ती खिंड ओलांडते. ही खिंड चौथी-पाचवीत येते आणि सरकारी निदेशक, मिळालाच तर, सहावीत येतो.

हे लिहिताना ‘मुलांना मोकळे सोडा, सगळे आपोआप येते’ या दुसऱ्या टोकाच्या पंथात माझी गणना होऊ नये. चांगल्या सुशिक्षित घरांमध्ये हा पंथ फोफावला आहे. मुलाने काहीही आणून दाखवले की मोबाइलवरून नजर न उचलता ‘वॉव, सुपर!’ म्हणायचे. मुलाला हे बरोबर कळते. ज्याने चित्र पाहिलेच नाही त्याच्या स्तुतीचे वजन किती असते, हे हंड्याचे वजन मोजणाऱ्यांना सांगावे लागत नाही. ‘हा कोण? हा असा धावत का निघाला आहे? पुढे काय झाले?’ असे प्रश्न विचारायला दोन मिनिटे लागतात, आणि त्यासाठी चित्रकला यावी लागत नाही.

आपल्याकडे ज्यांनी हे काम खरे केले, त्यांनी मुलांना नुसते मोकळे सोडलेले नव्हते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला बालशिक्षणाचे जे काम उभारले, त्यात महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, दगड आले. मुले गुरे चारायला जात तर शाळाही कुरणात गेली. पण त्या शिंपल्यांनी काय करायचे, याचा विचार आधी केलेला होता. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले देवीप्रसाद १९४४ मध्ये वर्ध्याजवळ सेवाग्रामला आले आणि १९६२ पर्यंत तिथे राहिले. नयी तालीमच्या शाळेतल्या मुलांना ते चित्रकला आणि मातीकाम शिकवत. त्या मुलांतून चित्रकार घडवणे हा त्यांचा उद्देश नव्हता. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, मग ते मूल पुढे शेतकरी होवो की कारकून, ही त्यांची भूमिका. ‘माझ्या मुलाला यात करिअर आहे का?’ हा आज प्रत्येक शिबिराच्या दारात विचारला जाणारा प्रश्न सेवाग्रामला बहुधा कोणाला सुचला नसता.

करिअरवरून टीव्ही आठवतो. नाच-गाण्यांच्या बालस्पर्धा आपण गेली वीसेक वर्षे कौतुकाने पाहत आलो. त्यातली काही मुले खरोखरच विलक्षण गुणी. पण आठ वर्षांच्या मुलीने विरहाचे गाणे प्रौढ स्त्रीच्या हावभावांसह म्हटले की टाळ्या पडतात, आणि त्याला आपण ‘व्यक्त होणे’ म्हणतो. जून २०१९ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाला वाहिन्यांना लेखी सल्ला द्यावा लागला की वयाला न शोभणारे, सूचक नाच मुलांकडून करून घेऊ नका. व्यक्त होणे आणि सादर करणे यांतला फरक सरकारने सांगेपर्यंत आपल्या दिवाणखान्यात तो कोणाला खटकला नव्हता, याचे मला सरकारी पत्रापेक्षा जास्त नवल वाटते.

तर मग करायचे काय? दहावीचे ते वाढीव गुण काढून टाकावेत, परीक्षा ठेवावी, आणि वाचलेली सारी शक्ती पहिली ते पाचवीत कलेचा खरा तास आणि तो घेणारा शिक्षक देण्यावर लावावी, असे माझे मत आहे. हे मत मी एका अनुभवी कलाशिक्षकांना ऐकवले, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सर, तुमचे पटते. पण आमच्या शाळेत चित्रकलेचा तास टिकला आहे तो या सात गुणांमुळे. गुण गेले की दुसऱ्या दिवशी त्या तासाला गणिताचे सर वर्गात येतील. मी निवृत्त झालो की माझी जागाही भरणार नाहीत.” मी म्हटले, “म्हणजे मुलांची चित्रे बिघडली तरी तास वाचवायचा?” ते म्हणाले, “तास असला तर कधीतरी वहीच्या मागच्या पानावर एखादे खरे चित्र सापडते. मी पुढच्या पानांना गुण देतो, मागची पाने पाहतो.”

त्यांचा युक्तिवाद मला खोडता आलेला नाही. पण त्यांच्यासारखे मागचे पान पाहणारे शिक्षक अर्धवेळ, कंत्राटी किंवा ‘अतिरिक्त’ ठरत असताना, आणि त्यांची जागा ते निवृत्त झाल्यावर भरली जाईल की नाही हे त्यांनाच ठाऊक नसताना, नव्या आराखड्यातला ‘कलाशिक्षण’ हा स्वतंत्र विषय कोण शिकवणार, हे शिक्षण खात्याने तरी सांगायला हवे. पुढच्या वर्षाचे वेळापत्रक लागेल तेव्हा पालकांनी शाळेत जाऊन एवढेच विचारावे: तिसरीच्या आणि चौथीच्या वर्गाला चित्रांचा तास आठवड्यातून कोणत्या वारी आहे, आणि तो कोण घेते.